जिवाणू की न्यूट्रोफिल? आणि मुळात यात करिअर होतं का?

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून):

मॅडम, मी बायोकेमिस्ट्रीत एमएससी केलं आणि आता पीएचडीचं पहिलं वर्ष चालू आहे. आमच्या लॅबचा विषय केमोटॅक्सिस, म्हणजे पेशी एखाद्या रसायनाच्या दिशेने कशा जातात हा. गाइडनी दोन विषय पुढ्यात ठेवलेत. एक, ई. कोलाय जिवाणूचे रिसेप्टर, म्हणजे बाहेरची रसायनं ओळखणारी प्रोटीनं. दुसरा, रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी केमोकाइनच्या, म्हणजे पेशींना बोलावून घेणाऱ्या छोट्या प्रोटीनांच्या, दिशेने कशा वळतात तो. महिन्याभरात काय ते सांग म्हणालेत. सीनियर म्हणतात, जिवाणूंचं काम केव्हाच संपलंय, आता नुसता चोथा उरलाय. न्यूट्रोफिलकडे वळावं तर तिथे सगळे फिजिक्सवाले, महागडे मायक्रोस्कोप आणि पानंच्या पानं समीकरणं. माझं गणित यथातथाच. मला येतं ते प्रोटीन शुद्ध करणं, एन्झाइमचा वेग मोजणं, ब्लॉट करून प्रोटीन ओळखणं. मग माझ्यासारख्याचं इथे काय काम? पाच-सहा वर्षं घालवून पुढे पोटापाण्याचं काय? आणि घरचे विचारतात, ‘जंतू साखरेकडे जातो हे कळून कोणाचं भलं होणार?’ तेव्हा मी गप्प बसतो.
– दोन दगडांवर पाय

उत्तर:

तुझ्या पत्रात चार प्रश्न आहेत, पण अडलंय ते एकाच जागी आणि तो प्रश्न तू ओझरता विचारलास: ‘माझ्यासारख्याचं इथे काय काम?’ याचं उत्तर नीट हाती लागलं की जिवाणू का न्यूट्रोफिल हे ठरवायला तुला महिना लागणार नाही.

तुला वाटतंय की तू चुकून भलत्यांच्या घरात शिरलायस. उलट आहे. जिवाणूंच्या केमोटॅक्सिसचं आजचं क्षेत्र उभं राहिलं तेच एका बायोकेमिस्टमुळे, ज्यूलियस ॲडलरमुळे. जन्म १९३० चा, जर्मनीतला. १९३८ मध्ये अमेरिकेला आला. विस्कॉन्सिनला हेन्री लार्डी यांच्याकडे पीएचडी, मग आर्थर कॉर्नबर्ग यांच्याकडे, म्हणजे डीएनए बनवणाऱ्या पॉलिमरेज एन्झाइमच्या माहेरघरी, आणि त्यानंतर डेल कायझर यांच्याकडे. एन्झाइम आणि जनुकं या दोन्हींत चोख तालीम झालेला हा माणूस १९६० मध्ये विस्कॉन्सिनला परतला आणि जिवाणूच्या वागणुकीवर काम करायला बसला. तेव्हा हा विषय नवाकोरा नव्हता, चांगला जुनापुराणा होता. विल्हेल्म फेफर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८० च्या दशकातच दाखवलं होतं की काचेच्या केशनळीत रसायन भरलं की जिवाणू तिच्या तोंडाशी गोळा होतात. तुझे सीनियर त्या काळी असते तर त्यांनी ॲडलरलाही हेच सांगितलं असतं: चोथा आहे, सोड.

फेफरने बघितलं, ॲडलरने मोजलं. त्याची पद्धत इतकी साधी आहे की तू ती याच आठवड्यात करू शकतोस. एक मायक्रोलिटरची बारीक काचनळी घ्यायची, एक टोक ज्योतीवर बंद करायचं आणि आत ॲस्पार्टेटचं, म्हणजे जिवाणूला ओढणाऱ्या एका अमिनो आम्लाचं, द्रावण ओढून घ्यायचं. काचपट्टीवर यू आकाराची काचनळी आणि वर कव्हरस्लिप ठेवून छोटंसं तळं करायचं, त्यात जिवाणू सोडायचे आणि केशनळीचं उघडं तोंड त्या तळ्यात सरकवायचं. तासभर तसंच. मग नळी बाहेर काढून वरून धुवायची, बंद टोक मोडायचं, आतला थेंब विरळ करून प्लेटवर पसरायचा आणि दुसऱ्या दिवशी वसाहती मोजायच्या. नुसतं बफर भरलेल्या नळीतही काही हजार जिवाणू भटकत भटकत शिरलेले असतात. ॲस्पार्टेटच्या नळीत आकडा लाखांच्या घरात जातो. हा फरक स्वतःच्या प्लेटवर दिसला की ‘जंतू साखरेकडे जातो’ हे वाक्य पुन्हा तितकं हलकं वाटत नाही.

हात बसायला मात्र वेळ लागतो, आणि का लागतो ते बघ. जिवाणू ग्लुकोजवर वाढवलेस तर त्यांना फ्लॅजेला, म्हणजे पोहायच्या शेपट्या, धड येतच नाहीत. सेंट्रिफ्यूज जोरात फिरवलास किंवा पिपेटने घुसळलंस तर असलेल्या तुटतात. बफरमध्ये धातू धरून ठेवणारं थोडं ईडीटीए लागतं, कारण जड धातूंचे अंशसुद्धा पोहणं बंद पाडतात. या सगळ्यात एक तरी समीकरण दिसलं का तुला? हे बफर, शुद्धता आणि संयमाचं काम आहे. म्हणजे तुझं.

मोजता यायला लागल्यावर ॲडलरने असा प्रश्न विचारला जो नुसत्या डोळ्यांनी सुटणारा नव्हता. जिवाणू साखरेकडे जातो तो ती पचवून ताकद मिळते म्हणून, की साखर त्याला थेट कळते म्हणून? १९६९ च्या त्याच्या पेपरात गॅलॅक्टोज ही साखर पचवूच न शकणारे म्युटंट (जनुक बदललेले जिवाणू) आहेत, आणि तेही गॅलॅक्टोजकडे जातात. पचतात पण ओढत नाहीत अशी रसायनं त्याला सापडली, आणि ओढतात पण पचत नाहीत अशीही. म्हणजे ओळखणारी प्रोटीनं वेगळी आणि पचवणारी एन्झाइमं वेगळी. दोनच वर्षांत त्याने आणि त्याचा विद्यार्थी हेझलबाउअरने दाखवलं की पेशीतलं गॅलॅक्टोज धरणारं प्रोटीन हाच या ओळखण्यातला पहिला दुवा.

पण तुला मुद्दाम सांगायची आहे ती मेथिओनीनची गोष्ट, कारण तुझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर मला तिच्यात दिसतं. १९६७ च्या सुमारास ॲडलरच्या लॅबमध्ये लक्षात आलं की मेथिओनीन हे अमिनो आम्ल स्वतः बनवू न शकणारे जिवाणू मेथिओनीनशिवाय ठेवले तर पोहतात व्यवस्थित, पण रसायनाकडे जात नाहीत. दुसऱ्या कोणी ‘माध्यमात मेथिओनीन घालावे’ अशी टीप लिहून विषय संपवला असता. बायोकेमिस्टच्या मनात लगेच पाल चुकचुकते: प्रोटीन बनवायला अमिनो आम्लं लागतात हे ठीक, पण हेच एक का? मेथिओनीनचा दुसरा धंदा कोणता? तू हे एमएससीत घोकलेलं आहेस. मेथिओनीनपासून एस-ॲडेनोसिलमेथिओनीन होतं आणि ते मिथाइल गट वाटत फिरतं. मग पेशीत कोणाला तरी मिथाइल लागत असणार. किरणोत्सारी मिथाइल वापरून, जेलवर प्रोटीनं पसरून १९७५ मध्ये त्यांना पेशीच्या पटलातलं (मेम्ब्रेनमधलं) असं प्रोटीन सापडलं. पुढे कळलं की हे दुसरंतिसरं कोणी नसून खुद्द रिसेप्टरच आहेत.

त्याच काळात दोन वेगळ्याच वाटांनी लोक याच दाराशी येत होते. हॉवर्ड बर्ग हा फिजिक्सच्या अंगाने आलेला माणूस. त्याची पीएचडी हायड्रोजन मेसर या भौतिकशास्त्रातल्या उपकरणावरची. एकाच पोहणाऱ्या जिवाणूचा तिन्ही दिशांत पाठलाग करणारा मायक्रोस्कोप त्याने बांधला आणि १९७२ मध्ये दाखवलं की ई. कोलाय साधारण सेकंदभर सरळ पळतो, मग सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा वेळ गडबडा लोळतो आणि भलत्याच दिशेला पुन्हा सुटतो. आवडतं रसायन वाढत असेल तर सरळ धाव लांबते, बस्स. नेम धरून तो कधी वळतच नाही. त्याच वर्षी रॉबर्ट मॅकनॅब आणि डॅनियल कोशलंड यांनी जिवाणू झटकन वेगळ्या संहतीच्या, म्हणजे कमी-जास्त दाट, द्रावणात मिसळले. आता आजूबाजूला उतार, म्हणजे रसायन एकीकडे जास्त आणि दुसरीकडे कमी असा फरक, नव्हता, सगळीकडे सारखंच होतं, तरी जिवाणूंची चाल काही काळ बदलली आणि मग पूर्ववत झाली. म्हणजे जिवाणू ‘आत्ता’ची तुलना ‘मघाशी’शी करतो. अंधाऱ्या खोलीत वास कुठून येतोय हे दोन पावलं टाकून पुन्हा हुंगत शोधावं, तसं. जिवाणूची लांबी दोन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे दोन हजारांश. पुढचं टोक आणि मागचं टोक यांतला फरक पोहता पोहता पकडणं त्याला अवघडच.

मग ‘मघाशी’ साठवलं कुठे जातं? तर त्या मिथाइल गटांत. उत्तेजन आलं की रिसेप्टर लगेच बदलतो, पण त्याच्यावर मिथाइल चढायला-उतरायला काही सेकंद लागतात, आणि तो उशीर हीच पेशीची स्मृती. मिथाइल लावणारं आणि काढणारं अशी दोन्ही एन्झाइमं १९७७-७८ मध्ये कोशलंडच्या लॅबने ओळखली. हा कोशलंड म्हणजे १९५८ मध्ये ‘इंड्यूस्ड फिट’, म्हणजे रेणू चिकटताना एन्झाइम आपला आकार बदलतं, ही कल्पना मांडणारा. तुझ्यासारखाच, एन्झाइमचे वेग मोजण्यात हयात काढलेला.

आता या सगळ्यात कोणी काय केलं ते बघ. पेशीत स्मृती असलीच पाहिजे हे हालचाल मोजणाऱ्यांनी सांगितलं. ती कोणत्या रेणूत आहे हे सांगायला मात्र जेल, किरणोत्सारी मिथाइल आणि शुद्ध केलेली एन्झाइमं लागली. आजही हे असंच चालतं. व्हिडिओ बघून ‘अमुक रेणू पुढच्या बाजूला चमकतो’ म्हणणारे शंभर जण सापडतील. तो रेणू बाहेर काढून, त्याचा वेग मोजून, एक अमिनो आम्ल बदलून ‘आता चमकत नाही आणि पेशीही वळत नाही’ म्हणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तुझी जागा त्या बोटांवर आहे. ती सोडून तू अर्धकच्चा फिजिक्सवाला होऊ नकोस.

म्हणून गणिताकडे पाठ फिरवायची असं नाही हं. पण किती लागतं याचा तू बाऊ केलायस. मायकेलिस-मेंटेन हे एन्झाइमच्या वेगाचं समीकरण तुला कळतं ना, मग बंधनाचा आलेख आणि साधं पहिल्या दर्जाचं डिफरन्शियल समीकरण तुझ्या आवाक्यातच आहे. राहिलं विसरण, म्हणजे डिफ्यूजन. त्यातली एकच गोष्ट रक्तात भिनली पाहिजे: लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. पाण्यात छोटा रेणू एक मायक्रॉन साधारण अर्ध्या मिलिसेकंदात कापतो, एक मिलिमीटरला आठेक मिनिटं घेतो आणि एक सेंटिमीटरला अर्ध्या दिवसाहून जास्त. हे तीन आकडे पाठ असले की तुझ्या चेंबरमधला उतार कधी तयार होईल आणि कधी सपाट होईल हे कागद-पेन्सिलीवर सांगता येतं. समीकरणांत लीलया वावरणाऱ्या काही जणांचं भान इथेच सुटतं. बर्ग आणि पर्सेल यांचा १९७७ चा पेपर एखाद्या फिजिक्सवाल्या मित्राला शेजारी बसवून सावकाश वाच. आणि थोडं पायथन शीक, म्हणजे पेशींचे मार्ग काढायला दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही. एवढं पुरे.

आता चोथ्याबद्दल. ई. कोलायचं परिपथ माणसाला कळलेल्या सिग्नल-व्यवस्थांपैकी सर्वांत नीट कळलेलं असेल, हे खरं. पण नीट कळलंय म्हणजे संपलंय असं नाही. त्याचे हजारो रिसेप्टर पेशीच्या टोकाशी षटकोनी जाळीत दाटीवाटीने बसतात आणि एका रिसेप्टरला लागलेला धक्का शेजाऱ्यांना जाणवतो. म्हणूनच अतिशय लहान फरकाचा मोठा आवाज होतो. पण पटलाबाहेर बसलेला रेणू लांबवर आत असलेल्या कायनेजला, म्हणजे सिग्नल पुढे नेणाऱ्या एन्झाइमला, नेमका कसा चालू-बंद करतो, हे अजून पुरतं उलगडलेलं नाही. आणि ई. कोलाय हा तर गरीब संसार आहे, त्याचे रिसेप्टर पाच. स्यूडोमोनास एरुजिनोसा या दुसऱ्या जिवाणूचे २६. जनुकसंचांत दिसणाऱ्या अशा रिसेप्टरांपैकी बहुतेकांना नेमकं काय कळतं याचा पत्ता नाही. प्रोटीन शुद्ध करून कोणता रेणू त्याला चिकटतो हे मोजणारा माणूस इथे बेकार कसा राहील?

न्यूट्रोफिलची गंमत निराळी. तो पोहत नाही, सरपटतो, मिनिटाला दहाएक मायक्रॉन. तो आकाराने मोठा, म्हणून एकाच क्षणी आपल्या दोन टोकांची तुलना करू शकतो. सॅली झिगमंडने १९७७ मध्ये दाखवलं की दोन टोकांमधल्या संहतीत शेकडा एकाच्या आसपास फरक असला तरी त्याला दिशा कळते. आणि खरं कोडं असं की रिसेप्टर पेशीभोवती जवळपास सारखेच पसरलेले असतात. पीटर डेव्हरोट्सच्या लॅबने १९९८ मध्ये डिक्टिओस्टेलियम या अमीबावर्गीय जिवात दाखवलं की बाहेरचा फरक किरकोळ असला तरी आतला सिग्नल पुढच्या कडेलाच एकवटतो. हे एकवटणं कसं होतं यावर आजही हमरीतुमरी चालते. विषय जिवंत आहे यात शंका नाही. गर्दीही तितकीच आहे.

तिथल्या खाचखळग्यांबद्दल मात्र तुला कोणी आधीच सांगायला हवं. १९६२ पासून वापरात असलेल्या बॉयडन चेंबरमध्ये पेशी छिद्रांच्या पडद्यातून खालच्या कप्प्यात उतरतात आणि लोक त्या मोजून ‘केमोटॅक्सिस’ म्हणून मोकळे होतात. पण रसायनाने पेशी नुसतीच चळवळी झाली, दिशा काहीही नसली, तरी खाली जास्त पेशी उतरणारच. याला केमोकायनेसिस म्हणतात. म्हणून रसायन वर, खाली आणि दोन्हीकडे वेगवेगळ्या प्रमाणांत ठेवून चौकटीच्या पटासारखी तुलना करावी लागते. झिगमंड आणि हिर्श यांनी हे १९७३ मध्येच सांगून ठेवलंय. तरी तो तक्ता गाळणारे पेपर आजही येतात, आणि माझ्यासारखे परीक्षक तेच तेच लिहून थकतात.

दुसरा खळगा आकडेवारीचा. एका व्हिडिओत दोनशे पेशी दिसल्या म्हणून तुझा नमुना दोनशेचा होत नाही. त्या एकाच दात्याच्या, एकाच दिवशीच्या, एकाच चेंबरमधल्या पेशी. तुझा खरा आकडा म्हणजे वेगवेगळे दाते, वेगवेगळे दिवस. न्यूट्रोफिल तर रक्तातून काढल्यावर काही तासांचेच सोबती, आणि वेगळे करतानाच चिडून बसले की दिवस वाया. म्हणून बरेच जण एचएल-६० ही लॅबमध्ये वाढतच राहणारी पेशींची जात ठेवतात आणि डीएमएसओ हे रसायन घालून पाच-सहा दिवसांत तिला न्यूट्रोफिलसारखी करून घेतात. सोयीचं आहे, पण ती न्यूट्रोफिलसारखी आहे, न्यूट्रोफिल नव्हे.

तर माझा कौल: जिवाणू घे.

कारण सांगते. पीएचडीत तुला शिकायचंय ते एका रेणूवर आरोप ठेवून तो शाबीत कसा करायचा, हे. त्यासाठी चुकायला आणि पुन्हा करायला भरपूर वाव हवा. ई. कोलाय रात्रीत वाढतो, म्युटंट आठवड्यात हाती येतो, प्रोटीन लिटरभर माध्यमातून निघतं आणि सकाळी फसलेला प्रयोग संध्याकाळी पुन्हा लावता येतो. न्यूट्रोफिलमध्ये जनुक बदलायचं म्हटलं की पेशीच्या जातीतून किंवा उंदरातून जावं लागतं, आणि एका प्रश्नामागे वर्ष निघून जातं. शिवाय तुझं आत्ताचं कसब तिथे पहिल्या दिवसापासून उपयोगी पडेल. न्यूट्रोफिलच्या बाकावर पहिलं वर्ष तू फक्त मायक्रोस्कोपच्या वेळापत्रकात नाव घालत बसशील. पोस्टडॉकला खुशाल न्यूट्रोफिलकडे जा. मेम्ब्रेन प्रोटीन हाताळणारा माणूस तिथेही हवा असतो. आणि जन्मभर एकाच जिवाला चिकटून राहायचा नियम कोणी केलाय? खुद्द ॲडलर उतारवयात फळमाश्यांकडे वळला: आवडतं आणि नावडतं एकदम समोर आलं तर माशी काय ठरवते, हे बघायला.

पण हा कौल एका अटीवर. जिवाणूंचा विषय गाइडनी खरोखर चालू ठेवलेला असला पाहिजे. लॅबमध्ये तो करणारं कोणीच उरलेलं नसेल, जुन्या प्रबंधातून प्रोटोकॉल उकरावे लागणार असतील, तर तू एकटा पडशील. तसं असेल तर न्यूट्रोफिल घे, आणि त्यातही एखादं एन्झाइम पकड.

पोटापाण्याचं सरळ सांगते. ‘केमोटॅक्सिस तज्ज्ञ पाहिजे’ अशी जाहिरात तुला कुठेही दिसणार नाही. विद्यापीठांतल्या कायमच्या जागा थोड्या आणि त्यांसाठी रांग मोठी, हे सगळ्याच शाखांत आहे. नोकरी मिळते ती हातातल्या कामावर: पटलातलं प्रोटीन शुद्ध करणं, बंधन मोजणं, भरवशाची चाचणी उभी करणं, व्हिडिओतून आकडे काढणं. औषध कंपन्यांना हे लागतं, कारण केमोकाइनचे रिसेप्टर हे जीपीसीआर या रिसेप्टरांच्या मोठ्या कुळातले आणि औषधांचं ते लाडकं लक्ष्य. गाइडचं नाव मोठं असून हात कोरे असलेले उमेदवार मुलाखतीत दुसऱ्या प्रश्नाला अडकतात.

पेशी आणि तरुण शास्त्रज्ञ दोघेही भटकत, चाचपडत पुढे जातात, ही तुलना तुला समारंभाच्या भाषणांत ऐकायला मिळेल. तिच्या नादी लागू नकोस. जिवाणूला प्रबंध जमा करायची तारीख नसते. तुला आहे, तेव्हा तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस एक तरी गोष्ट पूर्ण, लिहून झालेली हवी.

घरच्यांना काय सांगायचं? जिवाणूंबद्दल विचारलं तर हेलिकोबॅक्टर पायलोरीचं सांग. जठरात व्रण करणारा हा जंतू केमोटॅक्सिस बिघडवला की जठरात नीट ठाण मांडू शकत नाही, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. आपल्या पेशींबद्दल विचारलं तर प्लेरिक्साफोर या औषधाचं. अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी एका केमोकाइनच्या ओढीने तिथेच धरून ठेवलेल्या असतात. हे औषध त्या केमोकाइनचा सीएक्ससीआर-४ हा रिसेप्टर अडवतं, पेशी सुटून रक्तात येतात आणि प्रत्यारोपणासाठी गोळा करता येतात. मुळात ते एचआयव्हीसाठी शोधलं जात होतं, कारण १९९६ मध्ये कळलं की तो विषाणू पेशीत शिरताना हाच रिसेप्टर किंवा त्याचा भाऊबंद सीसीआर-५ वापरतो. अमेरिकेत २००८ मध्ये परवानगी मिळाली ती मात्र मूळ पेशींच्या कामासाठी. पण घरी फुशारकी मारताना हेही सांग की दाह कमी करायला केमोकाइन रिसेप्टर अडवणारी कितीतरी औषधं माणसांवरच्या चाचण्यांत आपटली आहेत. शरीरात एका रेणूचं काम दुसरा उचलतो, आणि रिसेप्टर अर्धामुर्धा अडवून भागत नाही.

हातात महिना आहे तर दोन कामं कर. पहिला आठवडा जिवाणूंच्या बाकावर: वर सांगितलेली केशनळी लाव, एकदा ॲस्पार्टेटने, एकदा नुसत्या बफरने, आणि लॅबमध्ये मेथिओनीन न बनवणारा स्ट्रेन असेल तर तो मेथिओनीनसह आणि त्याशिवाय. वसाहती स्वतः मोज. पुढचा आठवडा न्यूट्रोफिलवाल्यांकडे. त्यांना तयार ग्राफ दाखवू देऊ नकोस. न कापलेले, न निवडलेले मूळ व्हिडिओ माग आणि दिवसभर बघत बस. त्यात दहा वेळा चेंबर गळलेला, पेशी काचेला चिकटून बसलेल्या, फोकस हललेला दिसेल. तेही बघायला मजा येत असेल तर माझा कौल बाजूला ठेव आणि तिकडे जा.

मग या लॅबमधून बाहेर पडलेल्या दोघा-तिघांना फोन लाव. गाइड कसे आहेत हे विचारू नकोस, सगळे चांगलंच सांगतात. विचार की त्यांचा पहिला पेपर कोणत्या वर्षी गेला, कच्चा डेटा आज कुठे आहे, आणि एखादा निकाल गाइडच्या मताविरुद्ध आला तेव्हा पुढे काय झालं.